तीनशे ऐंशी जाणकार

गडमुडशिंगीच्या नेमगोंडा मगदुमांना, म्हणजे अण्णांना, राग यायला फारसं कारण लागत नसे. पण या दिवाळीनंतर त्यांना जो राग आला त्याला कारण होतं, आणि पंचाईत अशी की ते कारण समोर येऊन उभं राहत नव्हतं. समोर आलं असतं तर अण्णांनी त्याला चार शब्द सुनावले असते, वर चहा पाजला असता आणि विषय मिटवला असता. चाळीस वर्षं त्यांनी गूळ विकला तो असाच. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात व्यापारी यायचा, रव्याला नखानं खरवडायचा, चिमूटभर जिभेवर ठेवायचा, तोंड वाईट करायचा आणि मग भाव बोलायचा. ते तोंड वाईट करणं खोटं असतं हे दोघांनाही ठाऊक असायचं.

रवा म्हणजे गुळाची ढेप. काहिलीतला पाक साच्यात ओतून जी ढेप पाडतात तिला कोल्हापूरकडं रवा म्हणतात. अण्णांच्या वडिलांच्या काळी रवा तीस किलोचा असे. मग तो दहाचा झाला, पाचाचा झाला आणि अण्णांच्या लेकीच्या, रुचिताच्या हट्टापायी एका किलोचा झाला. प्रत्येक पायरीला अण्णांनी आठ-आठ दिवस कुरकुर केली. रुचितानं अर्ध्या किलोचेही साचे आणले होते, ते मात्र त्यांनी पोत्याखाली टाकून दिले. अर्ध्या किलोला रवा म्हणत नाहीत, खडा म्हणतात, असं त्यांनी तिला ऐकवलं आणि वर आठवडाभर तिच्याकडं रागानं बघत जेवले.

अण्णांचं गुऱ्हाळ ओढ्याच्या कडेला होतं. एक चुलवाण, म्हणजे भट्टी, त्यावर एक मोठी काहील आणि काहिलीपाशी हंबीरराव. हा हंबीरराव गुळव्या होता, म्हणजे उकळत्या रसाचा पाक नेमका कधी उतरवायचा हे ज्याला कळतं तो माणूस. अठ्ठावीस वर्षं तो अण्णांकडं होता. आजूबाजूची गुऱ्हाळं एकेक करून थंड पडली, लोक ऊस कारखान्याला घालून मोकळे झाले. यार्डातसुद्धा आता जिभेपेक्षा रंगाला मान आला, आणि साखर मिसळलेल्या पिवळ्याधमक गुळापुढं अण्णांचा तांबूस रवा मळकट दिसायला लागला. यंदा आपणही चुलवाण बुजवावं, असं अण्णांनी जवळजवळ ठरवलं होतं. जवळजवळ अशासाठी, की हंबीररावाला ते सांगायचं कसं हे त्यांना सुचत नव्हतं.

तेवढ्यात रुचितानं आपला बेत पुढं केला. ती कोल्हापुरात एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला होती, रोज सकाळच्या बसनं जायची आणि जाता-येता मोबाईलमध्ये जगाचा अभ्यास करायची. दोन आदणं उतरवा, म्हणजे दोन वेळची काहील. तेवढा गूळ मी ऑनलाइन विकून दाखवते, असं ती म्हणाली. विकला तर हंगामभर चुलवाण पेटतं ठेवायचं, नाही तर ऊस कारखान्याला. अण्णांना ही अट आवडली, कारण हरलो तर दोष लेकीवर जाणार होता.

दोन आदणांत किलोकिलोचे चारशे रवे उतरले. हंबीररावानं असा गूळ काढला की अण्णांनी स्वतः खरवडून चाखला आणि सवयीनं तोंड वाईट केलं. रुचितानं फोटो काढले, गुऱ्हाळाची हकिकत लिहिली, चुलवाणाचा धूरसुद्धा फोटोत आणला. पहिल्या आठवड्यात नऊ रवे गेले, आणि त्यातले चार तिच्या मैत्रिणींनी घेतले होते.

असं का, हे तिनं अण्णांना समजावून सांगितलं ते अण्णांनी तीनदा ऐकलं आणि तीनही वेळा त्यांचं डोकं फिरलं. हल्ली लोक स्वतः खरेदी करतच नाहीत म्हणे. फोनमध्ये एक एजंट असतो, त्याला सांगायचं की गूळ आण, आणि तो शंभर दुकानं बघून क्षणात घेऊन टाकतो. अण्णांना एजंट म्हणजे विम्याचा माहीत होता. तो निदान घरी यायचा, पोह्यांना चांगलं म्हणायचा. हा एजंट तुझी ती हकिकत वाचतो का, त्यांनी विचारलं. वाचत नाही. फोटो बघतो का? तेवढ्यासाठी नाही. चाखतो का, हे विचारायचं त्यांनी टाळलं. किलोला किती आणि किती दिवसांत पोचणार, एवढंच तो बघतो, आणि जो सगळ्यात स्वस्त त्याच्या पदरात माप टाकतो.

म्हणून विकणाऱ्यांनीही आपल्या बाजूनं मशिन बसवलं होतं. रुचिताच्या ॲपमध्ये त्याला भावमित्र म्हणायचे. शेजारच्या दुकानानं भाव उतरवला की हा आपला भाव त्याच्या एक रुपया खाली नेऊन ठेवायचा, कुणाला न विचारता. सगळ्यात स्वस्त गूळ होता गावातल्याच विजयसिंहाचा, साखर घातलेला. त्याचंही भावमित्र होतं. पंचाण्णवाला लावलेला अण्णांचा रवा एका सकाळी उठून बघतात तर बासष्ट. विजयसिंहाचा एकसष्ट. दुपारी अण्णांचा साठ.

अण्णांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चप्पल घालून ते तडक विजयसिंहाच्या दारात गेले आणि बाहेरूनच त्याला विचारलं की तुला गावात राहायचं आहे का. विजयसिंह दाढी करत होता. अर्धी दाढी तशीच ठेवून तो बाहेर आला आणि म्हणाला की मीच तुमच्याकडं यायला निघालो होतो, तुम्ही का माझ्या जिवावर उठलाय. त्यानं चार दिवसांत फोन उघडूनही बघितला नव्हता. दोघांनी दोन फोन शेजारी ठेवले. बघता बघता एकाचा आकडा उतरला, मग दुसऱ्याचा. मालक दोघं चहा पीत बसले होते आणि त्यांची मशिनं ओट्यावर एकमेकांचा गळा धरून होती.

शेवटी दोघांनी चहावर ठरवलं की पंच्याऐंशीच्या खाली कुणी जायचं नाही. रुचितानं दोन्ही फोनांत तळाचा भाव टाकून दिला. हे असं ठरवणं बरं नव्हे, असंही ती पुटपुटली, पण अण्णांनी लक्ष दिलं नाही. दोन दिवस दोघेही समाधानात होते. तिसऱ्या दिवशी कळलं की उत्तरेकडचा कुणी एक दुकानदार 'कोल्हापुरी गूळ' म्हणून अठ्ठावन्नला विकतोय आणि सगळे एजंट तिकडं पळालेत. त्याचा गूळ कोल्हापूर सोडा, महाराष्ट्राच्या हद्दीतही तयार होत नव्हता. विजयसिंह म्हणाला, आता काय करायचं. अण्णा म्हणाले, तू दाढी पुरी कर.

आणि घरी येताना त्यांना ती कल्पना सुचली.

सकाळी रुचिता बसला निघाली होती. लॅबचं तीन दिवसांचं शिबिर होतं, शाहूवाडीच्या डोंगरातल्या वाड्यांवर. अण्णांनी तिला दारातच अडवलं. आपण त्या गुळाच्या रांगेत उभंच का राहायचं, असा त्यांचा सवाल होता. साखर घातलेला पण गूळ, काळा-पांढरा पण गूळ, मग एजंट बिचारा स्वस्तातलाच उचलणार.

"गूळ हा शब्दच काढून टाक," ते म्हणाले. "रवा लिही. सेंद्रिय रवा, एक किलो. ज्याला रवा म्हायती हाय त्यो जाणकार. त्येवढंच येऊ द्यात की, आपल्याला गर्दी कशाला पायजे?"

रुचिता म्हणाली की अण्णा, थोडं थांबा, संध्याकाळी बसून नीट करू. अण्णा म्हणाले, संध्याकाळी तू डोंगरात. बस कोपऱ्यावर हॉर्न द्यायला लागली. तिनं उभ्या उभ्या नवीन पान उघडलं, अण्णांनी सांगितलं तसं नाव टाकलं, भाव पंचाण्णव टाकला, आणि पळाली. तळाचा भाव टाकायचा राहिला. चढता चढता तिला काहीतरी राहिल्यासारखं वाटलं होतं, पण डब्याकडं बघून डबा घेतलाय याची तिनं खात्री केली आणि ती निश्चिंत झाली.

त्याच सकाळी अण्णांचा फोन वाजायला लागला. ऑर्डर आली की टिंग व्हायचं. अण्णा आंघोळीला गेले तेव्हा टिंग, बाहेर आले तेव्हा टिंग, जैन बस्तीत दर्शनाला उभे राहिले तेव्हा इतकं टिंग झालं की लोक वळून बघायला लागले. दुपारपर्यंत दीडशे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीनशे ऐंशी. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर. लेबल काढायच्या यंत्रातून कागदाची सापासारखी लांब पट्टी बाहेर पडत होती आणि प्रत्येक तुकड्यावर नाव, पत्ता आणि खाली 'रवा, १ किलो'. भाव त्यावर छापलेला नसतो. अण्णांनी तो बघितलाही नाही. भाव बघायला ते काय एजंट होते?

त्या दोन दिवसांत अण्णा जितके सुखी होते तितके लग्नाच्या दिवशीही नव्हते, असं त्यांच्या पत्नी अंजनाकाकी नंतर म्हणाल्या, आणि त्या लग्नाला हजर होत्या. जगात अजून तीनशे ऐंशी माणसं अशी आहेत की ज्यांना रवा कळतो, हे अण्णांनी दूध डेअरीवर सांगितलं, न्हाव्याकडं सांगितलं, विजयसिंहाला मुद्दाम घरी जाऊन सांगितलं. एवढ्यावर थांबवेना म्हणून त्यांनी झेरॉक्सवाल्याकडून चिठ्ठ्या छापून घेतल्या: 'जाणकारांस सप्रेम नमस्कार. काही उणं वाटल्यास कळवावे.' खाली स्वतःचा मोबाईल नंबर. प्रत्येक खोक्यात रव्यावर एक चिठ्ठी ठेवली. रिकाम्या हातानं निरोप द्यायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

हंबीरराव खोकी बांधायला होताच. पट्टी चिकटवता चिकटवता त्यानं सहज सांगितलं की निपाणीकडच्या एका गुऱ्हाळातून बोलावणं आलंय, हंगामभराचं काम आहे, उद्यापर्यंत कळवायचंय. तो तसं सहज म्हणत नव्हता हे अण्णांना कळलं.

"न्हाय म्हणून सांग," अण्णा म्हणाले. "हंगाम हितंच हाय. तीनशे ऐंशी जाणकार आलेत, हंबीरराव. माझा शब्द हाय तुला."

हंबीररावानं तिथंच, खोक्यावर बसून निपाणीला फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. त्याच रात्री गाडी येऊन सगळी खोकी घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी रुचिता शिबिरावरून आली. डोंगरात रेंज नव्हती, तिला काहीच माहीत नव्हतं. अण्णांनी बातमी सांगितली तशी तिनं आनंदानं फोन उघडला आणि तिचा चेहरा उतरत गेला. रवे एकेचाळीस रुपयांना गेले होते.

झालं होतं ते असं. ॲपच्या मशिननं 'रवा' हा शब्द वाचला आणि अण्णांना उचलून नेऊन रव्याच्या रांगेत उभं केलं. शिऱ्याच्या रव्याच्या. उपम्याच्या. इडलीच्या जाड्या रव्याच्या. भावमित्रानं आजूबाजूला बघितलं, सगळ्यांचा भाव बेचाळीस-पंचेचाळीस, आपलाच तेवढा पंचाण्णव. तळाची मर्यादा कुणी घातलेली नव्हती. त्यानं इमानदारीत भाव खाली नेला आणि एक रुपया कमी करून ठेवला. आणि पुण्या-ठाण्यात ज्यांनी ज्यांनी आपल्या फोनला 'एक किलो रवा आण' असं सांगितलं होतं त्यांच्या एजंटांनी देशातला सगळ्यात स्वस्त रवा हुडकून काढला. तो हंबीररावानं काढलेला गूळ होता. तीनशे ऐंशी घरांत लोक कढई गरम करून बसले होते.

अण्णांना हे कळायला वेळ लागला. ते पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होते की पण त्यांना रवा माहीत होता ना. होता अण्णा, रुचिता म्हणायची, सगळ्यांना माहीत असतो. शेवटी अंजनाकाकींनी स्वयंपाकघरातून सांज्याचा, म्हणजे शिऱ्याच्या रव्याचा, डबा आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. तेव्हा अण्णांनी कपाळावर हात मारला. शब्द त्यांचाच होता, घाई त्यांचीच होती, लेकीवर ढकलायला काहीच उरलं नव्हतं, आणि हे त्यांना सगळ्यात जास्त झोंबलं.

पुढचे चार दिवस आले ते शेरे. एकेक तारा देऊन लोकांनी लिहिलं होतं. 'रव्यात गुठळी आहे. एकच आहे, पण ती एक किलोची आहे.' 'भाजायला घेतला, कढई गेली.' 'रंग तांबूस, वास उसाचा, रवा जुना असावा.' काही शेरे एजंटांनीच परस्पर लिहून टाकले होते: 'वस्तू वर्णनाशी जुळत नाही.' मग परतीचं सुरू झालं. घेणाऱ्याचं मशिन म्हणालं परत घ्या, अण्णांचं मशिन म्हणालं बरं, तिसऱ्या मशिननं गाडी बोलावली. तिघांत कुठं वाद नाही, आवाज नाही, मोठ्या खानदानी रीतीनं सगळं मिटत होतं आणि जाण्यायेण्याचं भाडं अण्णांच्या नावावर पडत होतं.

अण्णांनी मदत केंद्राला फोन लावला. एका गोड बाईमाणसाच्या आवाजानं त्यांना नमस्कार केला आणि तुमची अडचण मी समजू शकते असं सांगितलं. अडचण अजून त्यांनी सांगितलीच नव्हती.

"बाई, तुला गूळ म्हायती हाय का?" अण्णांनी विचारलं.

गूळ हा उसाच्या रसापासून तयार होणारा पारंपरिक गोड पदार्थ आहे, आवाज म्हणाला.

"आणि रवा?"

रवा हा गव्हापासून तयार होणारा भरड पदार्थ आहे.

"मग गुळाचा रवा?"

बाई म्हणाली की गूळ आणि रवा एकत्र करून शिरा बनवता येतो, कृती पाठवू का. अण्णांनी फोन कॉटवर टाकला. त्यांच्या आयुष्यात असं कुणीही नव्हतं की ज्याच्याशी भांडता येत नाही. आता सगळे तसलेच भेटत होते.

शनिवारी ॲपकडून शेवटचा निरोप आला. खोक्यात चिठ्ठी घालून ग्राहकाशी परस्पर संपर्क साधल्याबद्दल दुकान साठ दिवसांसाठी बंद. एवढे घोळ झाले, भाव बुडाला, शब्दाचं मातेरं झालं, त्याबद्दल कुणी चकार बोललं नाही. गुन्हा ठरला तो नमस्काराचा.

साठ दिवस म्हणजे अर्धा हंगाम. रुचिता हळूच म्हणाली की अण्णा, आपण अट हरलो.  अट हरल्याचं अण्णांना एवढं नव्हतं. हंबीररावाला दिलेला शब्द त्यांना टोचत होता. निपाणीच्या गुऱ्हाळात एव्हाना दुसरा गुळव्या उभा राहिला असणार, आणि हंबीरराव रोज येऊन, सांगितलं नसताना, चुलवाणातली राख काढून ठेवत होता.

रविवारी सकाळी अण्णा त्याला सांगायला निघाले. गुऱ्हाळ घरापासून दहा मिनिटांवर, पण त्यांना अर्धा तास लागला, कारण फोन. चिठ्ठीवरचा नंबर बघून लोक आठवडाभर त्यांना फोन करत होते. उणं वाटल्यास कळवावे असं लिहिलं होतं, त्यामुळं लोक कळवत होते. अण्णांनी एक ठरावीक उत्तर करून ठेवलं होतं. वाटेत सातवा फोन आला तेव्हा तर त्यांनी नमस्कारही केला नाही.

"त्यो शिऱ्याचा रवा न्हाय," ते म्हणाले. "परत पाठवा, पैसं मिळतील."

"परत कशाला पाठवू?" पलीकडून एक म्हातारा, चढा आवाज आला. "आठ महिन्यानं घावलाय मला."

अण्णा बांधावर उभे राहिले.

बाईंचं नाव शालूबाई. शाहूवाडी तालुक्यातल्या, मलकापूरजवळच्या. मालक गेल्यावर लेकानं, अमरसिंहानं, त्यांना ठाण्याला नेलं होतं. लेक-सून दोघं कामावर जातात, घरात लागेल ते फोनला सांगायचं, असं त्यांना शिकवून ठेवलेलं. सकाळच्या चहाला गूळ लागतो म्हणून त्यांनी फोनला सांगितलं, रवा आण. सांज्याचा पुडा आला. त्यांना वाटलं आपण हळू बोललो. पुढच्या महिन्यात मोठ्यानं सांगितलं. पुन्हा सांजा. मी मागतोय काय आणि तू आणतोयस काय, असं त्यांनी त्याला विचारलं, तर त्यानं त्यांना सर म्हणायला सुरुवात केली. आमच्याकडच्या बायका मी येतो, मी जातो असंच बोलतात, हे त्याला कुठलं ठाऊक. घरात सांज्याचे नऊ पुडे साठले, सून कबुतरांना घालायला लागली.

"लेक म्हणतोय, आई, गूळ म्हण," शालूबाई म्हणाल्या. "म्हणालो. तर पिवळं कायतरी आलं, साखरेगत. मग मला वाटाय लागलं, माझाच शब्द चुकतोय. वय झालं, इसरलो आसंन. आमच्यात रवा म्हणतच नसतील. कुणाला इचारू हितं?"

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा लावला. आठवडाभर त्यांना नुसता राग येत होता. आता काय येतंय हे त्यांना कळेना.

"शब्द बरोबर हाय तुमचा," ते म्हणाले. "रवाच म्हणत्यात."

 मग शालूबाईंनी सांगितलं की लेकाला म्हणालो ह्यांच्याकडनंच आणखी मागव, तर फोन म्हणतो ते दुकान बंद आहे, सगळ्यात स्वस्त गूळ दुसरीकडं मिळतोय, आणि तो पिवळाच घ्यायला निघाला. म्हणून चिठ्ठी बघून मीच फोन लावला, आकडे एकेक करून. तुम्ही पाठवाल का? अण्णा म्हणाले पाठवतो, पोस्टानं पाठवतो, पत्ता सांगा.

"पण एक किलोचा नगो," शालूबाई म्हणाल्या. "फोडाय हाताला जोर न्हाय आता. सुनेला रोज सांगावं लागतंय. अर्ध्याचा करता का?"

अर्ध्या किलोला रवा म्हणत नाहीत, हे वाक्य अण्णांच्या तोंडात तयार होतं. ते त्यांनी गिळलं आणि पत्ता लिहून घ्यायला खिशात पेन शोधायला लागले.

गुऱ्हाळावर हंबीरराव काहील घासत होता. अण्णा काहिलीच्या कडेला बसले आणि त्यांनी त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता. एकेचाळीस रुपयांचं सांगितलं, सांज्याचं सांगितलं, दुकान बंद झाल्याचं सांगितलं. तीनशे ऐंशी जाणकार नव्हतेच, हे सांगताना त्यांची मान खाली गेली. हंबीररावानं घासायचं थांबवलं होतं.

"मग मी निपाणीला न्हाय कशाला म्हणालो, अण्णा?" त्यानं विचारलं. रागानं नव्हे, नुसतं विचारलं.

"माझ्या शब्दावर," अण्णा म्हणाले. "त्यो हाय तसाच हाय. हंगाम चालवायचा. बाकीचा यार्डात जाईल त्या भावानं जाईल, मला घाटा आला तर येऊ दे."

"आणि जाणकार?"

"एक हाय. ठाण्यात."

हंबीररावानं त्यांच्याकडं बघितलं. मग चुलवाणाकडं बघितलं. एका बाईसाठी अख्खं आदण, असं तो स्वतःशीच म्हणाला आणि उठून चिपाडाची पेंढी ओढायला गेला. अण्णांनी त्याला मागून हाक मारली आणि सांगितलं की पोत्याखाली रुचितानं आणलेले ते लहान साचे आहेत, ते धुऊन घे.

"अर्ध्या किलोचं?" हंबीरराव वळला. "त्याला तर खडा म्हणत्यात की, अण्णा. तुम्हीच म्हणालतासा."

"रवाच म्हणत्यात," अण्णा चिडून म्हणाले. "बाईंचा फोन आला आणि तू उचललास, तर रवाच म्हणायचं."